पास्कोल नाताल मच्याडोंचा खुरीस

मला खरं तर जपमाळच दुरुस्त करायची होती. आमच्या आईची जुनी जपमाळ, तिचा एक मणी सुटलेला. सुईदोरा घ्यायचा, मणी ओवायचा, गाठ मारायची, की धर्मकार्य आटोपलं आणि पुढचा आठवडा ओटीवर लोळायला मी मोकळा, असा माझा साधा, सरळ, कोणालाही न दुखावणारा बेत होता. तो मी क्लेमेंटीनला बोलून दाखवला आणि तिथेच माशी शिंकली.

क्लेमेंटीन माझी बायको. मी प्लासिड मच्याडो, वसईला दिवाणी कोर्टात कारकून. (हेडक्लार्क होण्याच्या बेतात आहे, असं मी सहा वर्षं सांगतो आहे.) गोष्ट चोपन्न सालची. ते मारियावर्ष, म्हणजे मारियामातेला वाहिलेलं वर्ष होतं, त्यामुळे आमचे फादर जरा जास्तच हुरूपात होते. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं की प्रत्येक घराने आपल्याकडची एखादी जुनी, मोडकी, विसरलेली पवित्र वस्तू शोधून काढावी आणि नवराबायको-मुलांनी मिळून ती नीट करावी. सुताराला बोलवायचं नाही, गड्याला सांगायचं नाही, हात आपलेच लागले पाहिजेत. एका कामात हात गुंतले की मनंही गुंततात, असं ते म्हणाले. तीन मेला, पवित्र क्रुसाच्या सणाला, ते स्वतः येऊन त्या वस्तूंना आशीर्वाद देणार होते. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली होती, तेव्हा वेळ नाही ही सबब माझ्याकडे नव्हती. मी बसल्या बाकावरच मनातल्या मनात जपमाळ मुक्रर केली.

क्लेमेंटीनने माझा बेत शांतपणे ऐकून घेतला. माझ्या हातातून जपमाळ घेतली, दोन मिनिटांत मणी ओवला, गाठ मारली आणि जपमाळ माझ्या हातात परत दिली.

"हे झालं," ती म्हणाली. "आता आपण खुरीस करू."

खुरीस म्हणजे आमच्या वाडीच्या कोपऱ्यावरचा दगडी क्रूस. होळीच्या बाजाराला (इथे होळी हे जागेचं नाव, सणाचं नव्हे) जाणारी वाट जिथे वळते तिथे तो उभा आहे, पुरुषभर उंच, खाली चौकोनी चौथरा. कोणी उभारला, कधी उभारला, कोणालाच ठाऊक नव्हतं. मे महिन्यात तिथे लदीन व्हायची, म्हणजे सगळ्या आळीने संध्याकाळी जमून प्रार्थना म्हणायच्या, गाणी गायची आणि शेवटी उकडलेले चणे खायचे. लदीनच्या आधी दरवर्षी कोणीतरी त्या खुरसावर चुन्याचा एक हात मारायचं. आदल्या वर्षीचा चुना खरवडावा असं मात्र कोणाच्या मनात यायचं नाही. असे कित्येक वर्षांचे हात एकावर एक बसून खुरसाला चांगलं बाळसं आलं होतं, आणि चौथऱ्याचे कोपरे गुळाच्या ढेपेसारखे गोल झाले होते.

आता यात एक अडचण होती आणि ती क्लेमेंटीनला पुरती माहीत होती. खुरसाच्या अलीकडे आमची वाडी आणि पलीकडे तिच्या थोरल्या भावाची, सेबेस्टियन मिनेझिसची. गावात त्याला बस्त्याव म्हणतात. बस्त्यावने लग्न केलं नाही. तो केळीची बाग करतो, फिडल वाजवतो, आणि तेव्हा तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. कारण अगदीच क्षुल्लक होतं. लदीनला तो फिडल वाजवत होता आणि मी क्लेमेंटीनच्या कानाशी लागून म्हटलं की यावरून आठवलं, मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचं राहून गेलं आहे. दुर्दैवाने नेमकं 'आठवलं'पाशी गाणं संपलं. उरलेलं वाक्य सगळ्या आळीने नीट ऐकलं.

एरवी हा अबोला मी सुखाने काढला असता. (बोलत होता तेव्हाही बस्त्याव फक्त केळीवरच्या रोगांविषयी बोलायचा.) पण नऊ मेला आमच्या फिलोमिनाचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्यात नवरीला मामा हात धरून मांडवाबाहेर काढतो, मगच ती देवळाच्या वाटेला लागते. सख्खा मामा नसला तर आईचा चुलतभाऊ, मावसभाऊ, कोणीही चालतो, असं मी एकदा समजावून पाहिलं होतं. फिलोमिनाने सांगितलं की बस्त्यावमामा येणार नसेल तर मी मांडवातच बसून राहीन, देवळात ज्यांना जायचं त्यांनी जावं. आमची मुलगी बोलते तसं करते. लहानपणी ती माझ्यापेक्षा बस्त्यावच्या खांद्यावर जास्त वाढली, आणि त्याचाही सगळा जीव त्या केळींवर आणि हिच्यावर. म्हणजे लग्नाला बस्त्याव आला पाहिजे, तोही मनापासून आला पाहिजे, एवढी एकच काळजी त्या उन्हाळ्यात आमच्या घराला होती. माफी मागायला मी दोनदा निघालो होतो. दोन्ही वेळा त्याच्या कुंपणापाशी पोचल्यावर मला कोर्टाचं काम आठवलं.

"कोपरा दोघांचा आहे," क्लेमेंटीन म्हणाली. "दोघांनी मिळून घासायचा."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं बादल्या, काथ्या आणि खरवडायला दोन बोथट विळे घेऊन खुरसापाशी गेलो. थोड्या वेळाने पलीकडून बस्त्याव आला आणि आपल्या बाजूने कामाला लागला. आमच्या दोघांत हातभर अंतर होतं, पण बोलणं सगळं क्लेमेंटीनमार्फत, जसं कोर्टात वकिलामार्फत चालतं. त्यांना सांग, विळा आडवा धरावा. त्यांना म्हणावं, मला विळा धरता येतो. त्यांना विचार, मग आतला दगड का खरवडला. क्लेमेंटीन दोन्ही बाजूंचं ऐकायची आणि पोचवताना त्यातला अर्धा मजकूर गाळायची.

दुपारी ती पेज आणायला घरी गेली तेव्हा चुन्याची एक खपली उडून माझ्या डोळ्यात गेली. मी डोळा धरून मटकन खाली बसलो. फिलोमिना विहिरीकडे धावली. बस्त्याव विळा टाकून माझ्यापाशी आला.

"डोला चोलू नका, भावजी," तो म्हणाला. "पानी येतंय. उगडा ठेवा."

तीन वर्षांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. माझ्या डोळ्यांतून आधीच धारा लागल्या होत्या, त्यामुळे मला नेमकं काय झालं ते कोणाला कळलं नाही. पाणी मारून डोळा उघडला तेव्हा मी बिजागरीचा विषय काढला. बस्त्यावने विचार करून विचारलं की तेव्हा बिजागरी खरोखरच वाजत होती का. मी शपथेवर सांगितलं की वाजत होती. मग ठीक आहे, तो म्हणाला, आणि त्या विषयाचा निकाल लागला. क्लेमेंटीन पेज घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं केळीच्या मर रोगावर बोलत होतो. तिने पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून उगाचच पदर सारखा केला.

मंगळवारी बस्त्याव माडाच्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बरणी घेऊन आला. शिरका ओतला की चुना फसफसून सुटायचा. लग्नाच्या रस्स्यासारखा वास आळीभर पसरला आणि बाजारातून येणारी माणसं मुद्दाम वळून बघायला लागली. आम्ही चौघं एकाच चौथऱ्याभोवती उकिडवे बसून घासत होतो, गप्पा मारत होतो, आणि मला फादरांचं म्हणणं पटायला लागलं होतं. मांडवाला लावायला केळीचे खांब मीच तोडून आणीन, असं बस्त्यावने आपण होऊन सांगितलं. लग्नाची काळजी मिटली असं मी त्या दिवशी क्लेमेंटीनला म्हणालो. (ही माझी सवयच आहे. निकालपत्र वाचून व्हायच्या आत मी पेढे आणायला शिपाई पाठवतो.)

बुधवारी चौथऱ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला फिलोमिनाला दगडात कोरलेली एक रेघ लागली. आम्ही सगळे तिथे जमलो. शिरका, काथ्या, पाणी, पुन्हा शिरका. हळूहळू चार रोमन अक्षरं वर आली. पी, एन, ए, एम. प्रत्येकापुढे एकेक टिंब आणि खाली साल, अठराशे एकाहत्तर.

अक्षरं लावणं हा तर माझा धंदा. पुसट झालेले शिक्के आणि वाळवीने खाल्लेली खरेदीखतं मी वीस वर्षं वाचतो आहे. मी चष्मा पुसला, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि बघताक्षणी ओळखलं. एम म्हणजे मच्याडो. पी म्हणजे पास्कोल, कारण माझ्या पणजोबांना पास्कू म्हणायचे असं मी ऐकलं होतं. राहिला एन. माझे वडील एकदा म्हणाले होते की पणजोबा नाताळात जन्मले, किंवा आजोबा जन्मले, किंवा म्हैस व्यायली, पण नाताळ त्यात होता हे नक्की. म्हणजे नाताल. आणि ए म्हणजे आंतोन, तो तर प्रत्येक घरात असतोच. पास्कोल नाताल आंतोन मच्याडो. पास्कोल म्हणजे ईस्टरचा, नाताल म्हणजे नाताळचा. दोन्ही मोठे सण एकाच नावात असलेला पणजोबा अख्ख्या वसईत दुसऱ्या कोणाचा नसेल. मला भरून आलं. ज्याच्याजवळून मी लहानपणापासून जात-येत होतो तो खुरीस आमच्याच माणसाने उभारलेला होता.

बस्त्याव बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होता.

"एम म्हंजे मिनेझिस नाय का होत?" त्याने विचारलं.

त्याच्या पणज्याचं नाव पेद्रू होतं म्हणे. पी म्हणजे पेद्रू. एन म्हणजे निकलाव आणि ए म्हणजे आल्बेर्त, ही नावं कुठून आली असं मी विचारलं तेव्हा त्याने तुमचा नाताल कुठून आला असं विचारलं. मी त्याला पुराव्याचा कायदा समजावून सांगितला. दावा जो करतो त्याने तो शाबीत करायचा असतो, असं मी म्हणालो. दावा पहिला कोणी केला, असं त्याने विचारलं. क्लेमेंटीन मध्ये पडली. खुरीस देवाचा आहे, तो मच्याडोंचाही नाही आणि मिनेझिसांचाही नाही, असं तिचं म्हणणं. पण ती माहेरची मिनेझिस, सासरची मच्याडो. तिला दोन्ही एम लागू पडत असल्यामुळे मी तिची साक्ष ग्राह्य धरली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गुरुवारी दुपारी घरात सगळे आडवे झाले आणि मला झोप लागेना. पणजोबा डोळ्यांसमोर येत होते. (मी त्यांना पाहिलेलं नाही. ते जरा माझ्यासारखेच दिसत होते.) फिलोमिनाची लग्नाची ट्रंक रंगवायला आणलेला लाल ऑइलपेंटचा डबा पडवीत होता. तो आणि ब्रश घेऊन मी खुरसापाशी गेलो. आधी ती चार अक्षरं भरून काढली. मग त्यांच्याखाली पणजोबांचं पूर्ण नाव रोमन अक्षरांत लिहायला घेतलं. पहिला पी भरघोस ब्रशाने काढला. पुढे रंग संपेल या भीतीने त्यात रॉकेल घालून तो पातळ केला आणि पास्कोलची बाकीची अक्षरं, नाताल आणि आंतोन त्यावर भागवले. आडनावाला मात्र डब्याच्या तळाशी जमलेला घट्ट रंग खरवडून काढून तीन हात दिले. आडनावात माणसाने काटकसर करू नये.

शुक्रवारी सकाळी चौथऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, बस्त्यावच्या वाडीकडच्या अंगाला, गेरूने लिहिलेलं होतं, 'पेद्रू निकलाव आल्बेर्त मिनेझिस यांनी बांधला.' बाजाराला जाणारी माणसं आता पाट्या खाली ठेवून आधी ही बाजू वाचायची, मग वळसा घालून ती बाजू वाचायची आणि कोणाचं खरं यावर आपापसात बोलत पुढे जायची. पाचूबंदरची जिजा मासे घेऊन आमच्या दारी येते. तिने क्लेमेंटीनला विचारलं की त्या खुरसाखाली एक मानूस पुरलाय की दोन.

मी जाऊन बस्त्यावला सांगितलं की धर्मवस्तूवर गेरू फासणं हा गुन्हा आहे. ऑइलपेंट फासणं काय आहे, असं त्याने विचारलं. मी कलम आठवायला लागलो. तेवढ्यात तो कुंपणापाशी गेला आणि अंगणात उभ्या असलेल्या क्लेमेंटीनला मोठ्याने म्हणाला, "तुझ्या कारकूनसायबांना सांग. ज्या घराला खुरसावर माझ्या पनज्याचा नाव चालत नाय, त्या घरच्या मांडवात मी नाय येनार."

फिलोमिना पडवीत ट्रंक पुसत होती. तिने ते ऐकलं. तिने ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून क्लेमेंटीन माझ्याशी बोलेनाशी झाली. (एकाने बोलणं सोडलं की घरातलं दुसरं कोणीतरी सोडतं, हा आमच्याकडचा नियमच दिसतो.) माझ्यापुढे पेज येत होती, पण पेजेबरोबर मासा येत नव्हता. केळीचे खांब आले नाहीत. शनिवारी मी ओटीवरून पाहिलं, फिलोमिना ताटलीत गरम फुगे, म्हणजे तळलेले गोड गोळे, घेऊन मामाच्या कुंपणापाशी गेली. लग्नघरचे फुगे पहिल्यांदा मामाला द्यायचे असतात. ती तिथे बराच वेळ उभी होती. मग ताटली तशीच झाकलेली घेऊन परत आली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला लाज वाटली, सरळ सांगतो. जो पणजोबा मी तीन दिवसांपूर्वी जन्माला घातला होता त्याच्यासाठी मी पोटच्या पोरीचं लग्न नासवत होतो.

मी फडका घेतला आणि नाव पुसायला खुरसापाशी गेलो. रंग वाळून दगडात बसला होता. मी घासत होतो तेवढ्यात बस्त्याव बागेतून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते सगळ्यांना कळतं. मी त्याच फडक्याने आडनाव पुसून लख्ख केलं आणि घरी आलो.

रविवारी देवळात लग्नाचा तिसरा पुकार झाला. कोणाची हरकत असेल तर सांगावी, असं फादर म्हणाले तेव्हा मी डोळे मिटून घेतले, न जाणो बस्त्याव उठायचा. तो उठला नाही. पण मिस्सा संपल्यावर तो आमच्याकडे न बघता निघून गेला.

सोमवारी, तीन मेला, संध्याकाळी फादर आले. सगळी आळी जमली होती. चौथऱ्यावर मेणबत्त्या लागल्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, चण्याचं पातेलं तयार होतं. बस्त्यावही आला होता, कारण लदीनला फिडल वाजवणारा दुसरा कोणी नव्हता. तो आपल्या पणज्याच्या बाजूला उभा राहिला, मी माझ्या. फादरांनी खुरसाला एक फेरी घातली. ही बाजू वाचली, ती बाजू वाचली, पुन्हा या बाजूला आले. हे दोघे कोण, असं त्यांनी विचारलं.

मी साक्ष दिली. पणजोबांचा जन्म, त्यांचं नाव, त्यांची भक्ती, हा खुरीस उभारताना त्यांनी सोसलेले कष्ट, असं सगळं मी सांगितलं. (कष्टांचा भाग मला बोलता बोलताच सुचला.) बस्त्यावने दोन वाक्यांत आटोपलं. फादरांनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग वाकून दगडातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून बोट पुढे नेत सावकाश वाचलं.

"पाद्रे नोस्सो. आव्हे मारिया."

कोणाला काही कळलं नाही. मला तर वाटलं, फादरांनी तिसराच कोणीतरी पणजोबा काढला.

"हे पोर्तुगीज आहे, प्लासिड," फादर म्हणाले. "एक 'आमच्या बापा', एक 'नमो मारिया'. जुन्या खुरसांवर असं कोरायचे. येणाऱ्याजाणाऱ्याने इथे क्षणभर थांबावं आणि मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी ह्या दोन प्रार्थना म्हणाव्यात, एवढंच मागणं. ज्याने हा खुरीस उभारला त्याने आपलं नाव कुठेच लिहिलेलं नाही."

मी खाली जमिनीकडे बघितलं. तिथे मला मावेल असं भोक नव्हतं. मग पलीकडून बस्त्यावचा आवाज आला.

"म्हंजे भावजी," तो म्हणाला, "आपला दोघांचाबी पनजा गेला."

भावजी म्हणाला. कारकूनसाहेब नाही म्हणाला. माझ्या छातीवरून कोणीतरी जातं उचलून घेतल्यासारखं झालं. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच वेळी दावा हरले आणि दोघांनाही त्याचा आनंद झाला, असं मी कोर्टात वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"गेला, बस्त्याव," मी म्हणालो. "सुटलो आपण."

आळीत कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, फादरसुद्धा. चुन्याखाली ते मागणं गाडलं गेल्यापासून किती वर्षं इथे कोणी ऐकलं नसेल देव जाणे, असं म्हणत त्यांनी आम्हा दोघांनाच पुढे बोलावलं आणि रस्त्यावर गुडघे टेकून त्या दोन प्रार्थना म्हणायला लावल्या. 'नमो मारिया'च्या मधोमध मी अडकलो. भावना दाटून आल्या असं लोकांना वाटलं. खरं म्हणजे पुढचे शब्दच आठवत नव्हते. बस्त्यावने शेजारून हळूच शब्द पुरवले. आम्ही उठलो तेव्हा फिलोमिना गर्दीतून पुढे आली आणि सगळ्यांदेखत तिने मामाचा हात धरला. बस्त्याव एवढा मोठा माणूस, फिडल काखेत धरून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने तिला सांगितलं की केळीचे खांब उद्या सकाळीच आणून टाकतो. त्या संध्याकाळी माझ्या पानात माशाच्या दोन तुकड्या पडल्या.

लग्न छान झालं. बस्त्यावने फिलोमिनाचा हात धरून तिला मांडवाबाहेर काढलं आणि तो हात देवळाच्या पायरीपर्यंत सोडलाच नाही. नवरामुलगा पायरीवर हात पुढे करून उभा होता. शेवटी फादरांनी खाकरून आठवण दिली तेव्हा कुठे त्याने सोडला. मला इतकं हलकं वाटत होतं की जेवणावळीत मी माझंच लग्न असल्यासारखा मिरवलो, असं क्लेमेंटीन सांगते.

त्यानंतर खुरीस साफ करणं राहिलं. बस्त्यावचा गेरू एका बादलीत धुऊन गेला, पेद्रू निकलाव पाण्याबरोबर वाहून केळीच्या बागेत गेले. माझ्या बाजूला आम्ही चार दिवस राबलो. शिरका झाला, रॉकेल झालं, वाळू झाली. पातळ रंगातली अक्षरं निघाली. पास्कोल बहुतेक गेला, नाताल गेला, आंतोन गेला. पण भरघोस ब्रशाने काढलेला पहिला पी आणि तीन हात दिलेलं आडनाव काही केल्या हलेना. दगड फोडायचा नसेल तर राहू द्या, असं बस्त्याव म्हणाला. तेव्हा आता तिथे वर ती चार अक्षरं आहेत, आणि त्यांच्याखाली ठसठशीत लाल रंगात फक्त पी. मच्याडो.

आमचे फादर भले माणूस. त्यांनी पुढच्या रविवारी त्या अक्षरांचा अर्थ सगळ्या गावाला समजावून सांगितला. तेव्हापासून होळीच्या बाजाराला जाणारी-येणारी माणसं खुरसापाशी थांबतात, डोक्यावरची पाटी उतरवतात, वरचं मागणं बघतात, खालचं नाव वाचतात आणि कैलासवासी पी. मच्याडोंच्या आत्म्यासाठी मनापासून दोन प्रार्थना म्हणतात. जूनमध्ये कोर्ट उघडलं त्या दिवशी आमचा बेलीफ नथू मला व्हरांड्यात बघून दाराची चौकट धरून उभा राहिला. त्याला जिजाने सांगितलं होतं आणि त्याने सगळ्या कचेरीला. मी जिवंत आहे हे कळल्यावर शिरस्तेदारांना बरं वाटलं, पण माझ्या जागेसाठी दोन अर्ज येऊन पडले होते, त्यांचं काय करायचं ही त्यांच्यापुढे अडचण होती.

मी फादरांकडे तक्रार केली. प्रार्थना कधी वाया जात नाही, ती कामी येईल तेव्हा येईल, असं सांगून त्यांनी माझी बोळवण केली. पण परवा विहिरीवरून येताना खुद्द क्लेमेंटीन हंडा खाली ठेवून खुरसापुढे उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी तिथेच थांबलो आणि तिचं आटोपल्यावर विचारलं की ती कोणासाठी म्हणत होती.

"नाव लिहिलंय त्याच्यासाठी," ती म्हणाली.

मी तिला आठवण करून दिली की मी अजून जिवंत आहे.

तिने क्रुसाची खूण केली आणि हंडा उचलून कमरेवर घेतला.

"मेलेल्याचं एकेकात भागतं," ती म्हणाली. "तुम्ही जिवंत आहात, म्हणून मी दोन-दोन म्हणते."